‘दूरगामी’चा उत्तरपक्ष

मनुष्याचा अपमान होण्यास ज्या अवस्था विशेष अनुकूल आहेत, त्यांत दंतवैद्याच्या खुर्चीत उताणे पडून तोंड उघडे ठेवण्याच्या अवस्थेला मी अग्रस्थान देतो. इतर कोणत्याही अवस्थेत प्रतिवादाला निदान वाव असतो. येथे जिभेखाली कापूस, गालात नळी आणि दाढेत यंत्र असते. आणि ते यंत्र अपमान करणाऱ्याच्याच हाती असल्यामुळे डोळे वटारणेही शहाणपणाचे ठरत नाही.

आमचे दंतवैद्य आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. स्वभावाने अत्यंत प्रेमळ. परंतु आयुष्यभर गप्प पडलेल्या माणसांशीच बोलण्याचा प्रसंग आल्यामुळे त्यांना संभाषण एकट्यानेच पार पाडण्याची सवय जडली आहे. त्या सकाळी माझी दाढ कोरता कोरता ते म्हणाले, "सर, तुमची भाची लई गाजतेय हो. काल जेवताना आम्ही सगळे तिचंच बघत होतो."

ही भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची कन्या. बालपणी एकदा प्रश्न विचारू लागली की थांबत नसे, म्हणून मीच तिचे नाव टिटवी ठेवले आणि तेच टिकले. ती रंगमंचावर एकटी उभी राहते, लोकांना हसवते आणि त्यावर तिची उपजीविका उत्तम चालते, हे मला ठाऊक होते. कशावरून हसवते, हे मी कधी विचारले नव्हते. विदूषक हे नाट्यातील एक प्राचीन आणि मान्य पद आहे, एवढ्यावर मी समाधान मानले होते.

दंतवैद्यांनी माझ्या छातीवर टेकवून फोन उभा केला. पडद्यावर टिटवी होती, आणि ती बोलत होती:

"माझा मामा संस्कृतचा प्राध्यापक. मामाचं म्हणणं, ग्रंथ कधी चुकत नाही, वाचणारा चुकतो. आणि टीव्हीवरची ‘दूरगामी’ मालिका हा मामाचा ग्रंथ. तर एकदा काय झालं, कप्तान बोलत होता आणि वरून शूटिंगचा मायक्रोफोन खाली आला. लांबडा, केसाळ. मी एवढीशी. विचारलं, मामा, ते काय लोंबतंय? मामानं डोळे मिटले. विचार केला." येथे ती थांबली. "म्हणाला, तो जहाजाचा कान."

फोनमधील सभागृह हसून कोसळले. दंतवैद्यही कोसळले, आणि त्यांच्यासह यंत्र. टिटवी पुढे सांगत होती, की आयुष्यात पहिल्यांदा विमान पाहिले तेव्हा तिने आधी त्याचा कान शोधला. मी त्या वेळी जो उद्गार काढला तो वेदनेचा होता की निषेधाचा, याचा निर्णय आजही करता येत नाही. दंतवैद्यांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी दाढेत तात्पुरते काहीतरी भरले आणि पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितले.

ज्यांना ‘दूरगामी’ ठाऊक नाही अशा दुर्दैवी वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. ‘दूरगामी’ नावाचे एक जहाज अवकाशातून निघाले आहे. कोठून निघाले हे पहिल्या भागात सांगितले होते, पण तो भाग आता कोणाजवळ नाही. कोठे जाणार हे कधीच सांगितलेले नाही. मी नोकरीस लागलो त्या सुमारास ही मालिका सुरू झाली. मी निवृत्त झालो, ती झाली नाही. कप्तानाचे काम करणारे नट वृद्ध झाले, बदलले. एका तेजोमेघातून जाताना कप्तानाचा चेहरा पालटतो, असे प्रत्येक वेळी सांगण्यात आले आणि आम्ही ते मानले. जहाज ज्या ज्या ग्रहावर उतरते तो तो ग्रह दगडाच्या एकाच खाणीसारखा दिसतो, असा आक्षेप काही लोक घेतात. सृष्टीचे मूलद्रव्य एक असेल तर तिची दगडखाणही एकच असायला काय हरकत आहे, असे माझे त्यावर उत्तर असे. पूर्वीच्या भागात मेलेले पात्र पुढे जिवंत आढळले, तर दोन्ही वचनांची संगती लावणे हे अभ्यासकाचे काम. वचनाला दोष देणे हा आळस. हे सारे मी दर रविवारी दुपारी टिटवीला समजावून सांगत आलो. लहानपणी ती माझ्या आरामखुर्चीच्या उजव्या पायाला टेकून जमिनीवर बसे. मोठी झाली, नाव झाले, तरी रविवारी गावात असली की तेथेच बसे.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात आले, की ‘दूरगामी’ बंद होणार. येत्या रविवारी शेवटून दुसरा भाग आणि त्यापुढच्या रविवारी अखेरचा.

रविवारी सकाळी टिटवीचा फोन आला. "मामा, दुपारी येतेय रे." मी म्हणालो, की आज जरा काम आहे. निवृत्त मनुष्याला रविवारी काम नसते, हे तिला कळत होते आणि तिला ते कळले हे मलाही कळत होते. एरवी तिने विचारले असते, कसले काम, कोणाचे, आजच का. ती फक्त "बरं" म्हणाली. त्या दुपारी मी तो भाग एकट्याने पाहिला. हिने — म्हणजे माझ्या पत्नीने — सवयीने टिटवीचाही कप भरून जमिनीवर ठेवला होता. तो गार झाला आणि हिने काही न बोलता उचलून नेला. हिचे न बोलणे हे मी नेहमीच सविस्तर भाषण समजत आलो आहे.

वार्ता इमारतभर पसरण्यास दंतवैद्य पुरेसे होते. जिन्यात जो भेटे तो आधी माझ्या कानाकडे पाही. तिसऱ्या मजल्यावरील वकिलांनी मला घरी बोलावून गंभीरपणे सांगितले, की अब्रुनुकसानीची नोटीस देता येईल. मात्र आधी मुळात अब्रू होती हे सिद्ध करावे लागेल आणि त्यासाठी दोन प्रतिष्ठित साक्षीदार हवेत. आपण स्वतः उभे राहाल का, असे मी विचारले. व्यावसायिक अडचणीमुळे स्वतःला ते जमणार नाही, असे ते म्हणाले, आणि दुसरे कोणी सुचते का म्हणून बराच वेळ छताकडे पाहत बसले. इमारतीच्या सचिवांनी सूचनाफलकावर खुलासा लावण्याची परवानगी देऊ केली. परंतु फलकाची अर्धी जागा पाण्याच्या टाकीच्या सफाईला दिलेली असल्याने खुलासा आटोपशीर हवा होता. ‘मी जहाजाला कान आहे असे म्हटले, त्यामागील भूमिका’ हा विषय अर्ध्या फलकात मावत नाही, हे लिहायला बसल्यावर लक्षात आले.

बहिणीने फोन केला. "दादा, तू तिच्याशी बोलत नाहीस म्हणे."

मी सांगितले, की तिने मला चव्हाट्यावर आणले.

"खोटं बोलली का ती काही?"

खोटे बोलली असती तर क्षमा करणे सोपे गेले असते, असे मला म्हणायचे होते. पण दाढ ठणकत असल्यामुळे मी फोन हिच्या हाती दिला. त्या दोघी पुढे पुष्कळ वेळ बोलल्या आणि हसल्याही.

अखेर मी ठरविले, की या प्रकरणाचा निकाल शास्त्रीय पद्धतीनेच लागला पाहिजे. प्रतिपक्षाशी अबोला धरणे हा वाद नव्हे. आमच्या परंपरेत वादाची एक रीत आहे: प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे, तो पूर्वपक्ष, मग त्याचे निरसन करायचे, तो उत्तरपक्ष. आणि माझ्या गुरुजींची शिकवण अशी, की पूर्वपक्ष इतका समर्थपणे मांडावा की खुद्द प्रतिपक्ष्याने म्हणावे, मलाही हे इतके चांगले साधले नसते. जो पूर्वपक्ष लंगडा करून मांडतो, तो मनातून त्याला भितो. शनिवारी जाहीर व्याख्यान द्यावे, टिटवीच्या एकेका आक्षेपाचा सांगोपांग परामर्श घ्यावा, ‘दूरगामी’ची आणि ओघाने माझी प्रतिष्ठा पुनःस्थापित करावी आणि रविवारी अखेरचा भाग निष्कलंक मनाने पाहावा, असा माझा संकल्प होता. कोणाबरोबर पाहावा, हे मी संकल्पात घातले नव्हते.

जागेसाठी सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. तेथील व्याख्यान-विभागाच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. अडचण अशी होती, की प्रत्येक व्याख्यान कोणत्या तरी विषयाखाली नोंदवावे लागते. मालिका हा मनोरंजनाचा विषय, निरसन तत्त्वज्ञानाचा आणि थट्टा विनोदाचा. म्हणजे तीन विभागांची संमती हवी. तत्त्वज्ञानाचे प्रमुख रजेवर होते. विनोदाच्या प्रमुखांनी, यात हसण्यासारखे काही नाही, असा शेरा मारून अर्ज परत पाठविला, ज्याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे. मनोरंजनवाल्यांनी विचारले, की नाच आहे का.

शेवटी बाई म्हणाल्या, "सर, शनिवारी दुपारी फक्त आरोग्याचा वर्ग मोकळा आहे. गुडघेदुखीवर बोलणारे डॉक्टर येणार होते, त्यांचाच गुडघा धरलाय. आरोग्यात टाकू का तुमचं?"

मानसिक स्वास्थ्य हेही आरोग्यच, अशी संगती लावून मी होकार दिला. वचनांची संगती लावण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला संगती लागत नाही असे काही उरतच नाही, हा त्या विद्येतील धोका आहे.

मग मी अध्ययनास लागलो. टिटवीचे सर्व कार्यक्रम ऐकणे आवश्यक होते. ते कोठे मिळतील म्हणून हिला विचारले, तर ते सारे हिच्या फोनमध्ये आधीपासूनच होते, क्रमाने लावलेले. मी कारण विचारले नाही. आमच्या पिढीत ग्रंथ हाती धरून वाद करणे कमीपणाचे मानीत. म्हणून मी तिचे विनोद मुखोद्गत करण्याचे ठरविले आणि सकाळच्या शांत वेळी गच्चीवर येरझाऱ्या घालीत मोठ्याने पाठ करू लागलो. थांबे कोठे घ्यायचे हेही पाठाचेच अंग असल्यामुळे ‘येथे हशा’, ‘येथे विराम’ असे मी मधून मधून म्हणत असे. समोरच्या गच्चीवर झाडांना पाणी घालणारे गृहस्थ ‘येथे हशा’ ऐकले की पाणी घालणे थांबवून मजकडे पाहत.

पाठ करताना एक गोष्ट ध्यानात आली. तिच्या विनोदांना पाठभेद होते. एकच थट्टा ती निरनिराळ्या ठिकाणी निराळी सांगत असे. शब्द बदलत, मांडणी बदले. पण एक प्रकरण बाकी सर्वत्र सारखेच होते आणि एकाच ठिकाणी त्यात काही अधिक आढळले.

ते प्रकरण पेटीवाल्याचे. ‘दूरगामी’त एक मनुष्य आहे. त्याला नाव नाही, संवाद नाही. जहाजातील अरुंद मार्गिकेत उभा राहून कप्तान विश्वाच्या भवितव्याविषयी बोलू लागला, की मागून हा मनुष्य एक पेटी घेऊन जातो. टिटवी ते असे सांगते: "माझ्या जन्माआधीपासून तो जातोय. जहाजावर हल्ला झाला, हा पेटी घेऊन. कप्तान मेला, नवा कप्तान आला, हा पेटी घेऊन. आणि मार्गिका तर एकच आहे. म्हणजे हा जातो कुठं? इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नाही, की बाबा, ठेव ती खाली. मी मामाला विचारलं, त्या पेटीत काय आहे रे? मामानं डोळे मिटले. विचार केला. म्हणाला, ते कळण्याचा आपला अधिकार अजून झालेला नाही."

येथे सर्वत्र हशा आहे. परंतु कोठल्याशा लहान जागेतील एका कार्यक्रमात ती येथे थांबली नाही. पुढे म्हणाली, "मग मी विचारलं, मामा, रिकामी असली तर? मामा म्हणाला, रिकामी पेटी कुणी इतकी जपून नेत नाही."

यावर तेथे कोणी हसले नाही. ती क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग दुसऱ्या विषयाकडे वळली. इतर कोणत्याही कार्यक्रमात हे वाक्य नाही. हा आक्षेप म्हणावा, तर यात आक्षेपार्ह काही नाही. विनोद म्हणावा, तर तो साधलेला नाही. प्रामाणिक पूर्वपक्षात सर्व पाठ यावेत या नियमाने मी तेही पाठ केले. ते पाठ करायला मला श्रम पडले नाहीत.

शनिवारी सभागृह भरलेले पाहून मी प्रथम भारावलो. मग पाहिले, तर श्रोत्यांपैकी निम्म्यांच्या हातांत काठ्या होत्या आणि कित्येकांच्या मांडीवर क्ष-किरणांची मोठी पाकिटे. दारावरच्या पाटीवर ‘आरोग्य व्याख्यानमाला’ मोठ्या अक्षरांत होते. त्याखाली बारीक अक्षरांत ‘दूरगामी आक्षेप व निरसन’. ‘दूरगामी’भोवती अवतरणचिन्हे द्यायला रंगारी विसरला होता, त्यामुळे लोकांचा समज गुडघेदुखीच्या दूरगामी परिणामांविषयी असावा. उरलेल्या निम्म्यांत आमची इमारत होती. पहिल्या रांगेत दंतवैद्य, त्यांच्या शेजारी वकील, आणि कडेला ही.

मी प्रारंभी वादपद्धतीचे महत्त्व विशद केले. श्रोते आदराने ऐकत होते. एका वृद्ध बाईंनी गुडघ्याला हात लावून मान डोलावली. मग मी म्हणालो, की आता पूर्वपक्ष, आणि जहाजाच्या कानाचे प्रकरण अक्षरशः जसेच्या तसे, समर्थपणे मांडले. डोळे मिटले. विचार केला. विराम घेतला.

सभागृह हसले.

मी हात वर करून शांततेची विनंती केली आणि स्पष्ट केले, की हे माझे मत नसून प्रतिपक्षाचे आहे. यावर अधिक हसले. श्रोत्यांना आशय नीट कळला नसावा, म्हणून मी मायक्रोफोन म्हणजे काय, तो केसाळ का असतो, आणि त्याला कान म्हणण्यात कोणता अर्थ अभिप्रेत होता हे समजावून सांगितले. क्ष-किरणांची पाकिटे मांड्यांवरून घसरू लागली. दगडखाणीचे प्रकरण मांडताना दंतवैद्य खुर्चीत आडवे झाले होते. कप्तानाच्या चेहऱ्याचे प्रकरण येईपर्यंत वकीलही, जे आजवर केवळ शुल्क घेऊनच हसत असतील असा माझा समज होता, रुमालाने डोळे पुशीत होते. मी जितका गंभीर होई, तितकी सभा हाताबाहेर जाई. आणि या गदारोळात मला एक विलक्षण गोष्ट जाणवली. मी जेथे थांबत होतो, ते थांबे मी गच्चीवर पाठ केलेले नव्हते. ते माझेच होते. निष्कर्षापूर्वी डोळे मिटावे, मौन धरावे आणि मग एका वाक्यात उत्तर द्यावे, ही रीत मी वर्गात आणि दर रविवारी आरामखुर्चीत आयुष्यभर पाळली. ती मुलगी खुर्चीच्या पायाला टेकून ती शिकत होती. लोक टिटवीला हसत होते ते माझ्या विरामांवर, आणि आज मला हसत होते ते तिच्या शब्दांवर. कोणाचे काय, हे वेगळे काढणे आता अवघड होते.

शेवटी पेटीवाला आला. मी तो मांडला. हशा झाला. तो ओसरल्यावर मी पाठभेदही मांडला: रिकामी पेटी कुणी इतकी जपून नेत नाही. सभागृह एकदम शांत झाले. आतापर्यंत ज्यांनी गुडघे धरून ठेवले होते, त्यांनी ते सोडले.

"आता उत्तरपक्ष," मी म्हणालो, आणि घसा ओला करावा म्हणून पाण्याचा घोट घेतला.

गार पाण्याने दाढेतील तात्पुरते भरलेले ते काहीतरी आपल्या जागेवरून निघाले आणि मस्तकापर्यंत एक कळ गेली. मी गालावर हात ठेवून डोळे मिटले. श्रोत्यांना तो विराम वाटला. माझ्या संपूर्ण वक्तृत्वातील सर्वांत मोठा हशा मी एक अक्षरही न उच्चारता मिळविला, याची नोंद येथे केली पाहिजे.

डोळे मिटलेलेच ठेवून मी मनात पहिले उत्तर शोधू लागलो. जहाजाला कान का असावा? माणसे जेथे इतकी वर्षे बोलत आली, तेथे ऐकणारे कोणी असले पाहिजे म्हणून. पण हे मी तिला पूर्वीच सांगितले होते, आणि कान हा शब्द तिने जसाच्या तसा लोकांपुढे ठेवला होता. दुसरे उत्तर शोधले. तेही तिच्याच विनोदात होते. तिसरेही. मी जी जी उत्तरे देणार होतो, ती ती तिने आधीच, माझ्याच शब्दांत, माझ्याच थांब्यांसह, गावोगाव नेऊन सांगितली होती. तिचा सगळा पूर्वपक्ष माझ्या उत्तरपक्षानेच भरलेला होता. मला खोडून काढायला काही उरले नव्हते.

मी डोळे उघडले आणि पाण्याचा पेला मेजावर ठेवून तसाच उभा राहिलो. ग्रंथालयाच्या बाईंनी प्रसंग ओळखून प्रश्नोत्तरे जाहीर केली. त्या वृद्ध बाईंनी विचारले, की जिना चढताना दुखत नाही, उतरतानाच दुखते, ते का. मी गालावर हात ठेवूनच सांगितले, की याविषयी माझा अधिकार नाही. पाठीमागून आवाज आला:

"मला एक विचारायचंय."

टिटवी दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसली होती. केव्हा आली होती कोणास ठाऊक. हिने मागे वळून पाहिले नाही, त्यावरून तिला बोलाविले कोणी हे मला कळले.

"वक्त्यांनी पूर्वपक्ष फारच छान मांडला," टिटवी म्हणाली. तिचा आवाज रंगमंचावरचा नव्हता. "मलाही इतकं चांगलं जमलं नसतं. पण उत्तरपक्ष काही मांडला नाही."

सर्व सभा मजकडे पाहू लागली. मी पुन्हा थोडा थांबलो. या वेळी दाढेमुळे नव्हे.

"तो उद्या," मी म्हणालो. "आमच्या घरी. नेहमीच्या वेळी."

कोणी हसले नाही. टिटवीने मान हलविली, मग म्हणाली, "येते. पण आधी ती दाढ दाखव, मामा." दंतवैद्य तोपर्यंत फोनचा दिवा पेटवून व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होते.

रविवारी दुपारी ती आली, खुर्चीच्या उजव्या पायाला टेकून बसली. हिने कप ठेवला. अबोल्याविषयी कोणीच काही बोलले नाही. माझ्या गालाला सूज होती, हे निमित्त सर्वांना सोयीचे पडले. अखेरचा भाग सुरू झाला. कप्तानाने दीर्घ भाषण केले. जहाजाचे दिवे एकेक करून विझू लागले. सारी माणसे निरोप घेऊन निघून गेली. हिच्या डोळ्यांत पाणी होते. मी आणि टिटवी मात्र कप्तानाकडे पाहत नव्हतो. आम्ही दोघेही पडद्याच्या डाव्या कडेवर डोळे लावून होतो.

मार्गिका रिकामी झाली. कोणी उरले नव्हते. तेव्हा तो आला. पेटी घेऊन. आता पुष्कळ वृद्ध झाला होता. केस पांढरे, चाल मंद. मार्गिकेच्या मध्यावर तो थांबला. इकडे तिकडे पाहिले. मग त्याने पेटी खाली ठेवली, तिच्यावर बसला आणि आपला गुडघा चोळू लागला.

दिवे गेले. पडदा काळा झाला. नावे वर सरकू लागली.

प्रथम हसलो तो मी. गाल दुखत होता, तरी हसू थांबेना. आजवर ‘दूरगामी’ पाहताना मी कधीच हसलो नव्हतो. टिटवी खुर्चीच्या पायाला डोके टेकून हसत होती, आणि मध्येच डोळे पुशीत होती. ही म्हणाली, "अहो, पण पेटीत काय होतं ते सांगितलंच नाही की."

मी डोळे मिटले. विचार केला.

"तो बसला," मी म्हणालो, "तरी ती दबली नाही."

टिटवीने मान वर करून विचारले, "मामा, हे मी घेऊ?"

"घे," मी म्हणालो. "आधी म्हणून दाखव."

ती उठली, दूरदर्शन-संचापुढे उभी राहिली आणि म्हणू लागली. कप्तानाचे भाषण, दिवे, रिकामी मार्गिका. गुडघा चोळण्यापर्यंत आली, हिचा प्रश्न सांगितला, आणि लगेच उत्तर देऊ लागली. मी हात वर केला.

"तिथं घाई झाली," मी म्हणालो. "डोळे मिट. पुन्हा म्हण."

तिने डोळे मिटले.